नदीचा शेवटचा हिस्सेदार

कोकणातल्या नद्यांचे पाणी समुद्रात वाया जाते आणि मराठवाडा मात्र तहानेने व्याकूळ होऊन आभाळाकडे पाहत बसतो, हा सिद्धान्त गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या बीड जिल्ह्यात इतक्या व्यासपीठांवरून, इतक्या निरनिराळ्या पक्षांच्या तोंडून आणि इतक्या निःशंकपणे उच्चारला गेला आहे, की आता त्याला कोणी पुरावा मागत नाही आणि त्याच्याविरुद्ध कोणी अवाक्षर काढले तर तो माणूस जिल्ह्याचा हितशत्रू ठरतो. निवडणुकीच्या सभेत तो टाळ्या घेतो, पाणी परिषदेच्या ठरावात पहिले कलम होऊन बसतो, आणि मोंढ्यातल्या आडतीवर उधारीचा हिशेब चालू असतानाही सहज तोंडून निघून जातो. त्याला जोडूनच दुसराही एक आक्षेप आता ऐकू येऊ लागला आहे: खाड्या, कांदळवने, नदीमुखे यांच्या आरोग्याची चिंता हा मुंबई-कोकणातल्या सुखवस्तू लोकांचा छंद असून, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या, जनावरांना चारा आणि माणसांना पाणी यांची भ्रांत असलेल्या बीडच्या रयतेने त्या छंदाची किंमत का मोजावी? माणसे तहानलेली असताना तुम्ही मासे कसले मोजता? हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी पुष्कळजण प्रामाणिक आहेत आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम जे खरे आहे ते निःसंकोच मान्य करू. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, त्याच्यावर विसंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आमच्या जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायाबापड्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. बालाघाटाच्या पठारावरची जमीन उथळ, पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटरांच्या घरातला आणि तोही लहरी. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून, म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांना मागे ठेवून कोयता घेऊन निघणारी ऊसतोड कुटुंबे हा या जिल्ह्याच्या पाणीटंचाईचा सर्वांत जुना आणि सर्वांत निर्विवाद दस्तऐवज आहे. हे दुःख खरे आहे आणि त्याचे निवारण व्हावे ही मागणीही न्याय्य आहे. माझा वाद त्या दुःखाशी नाही. त्या दुःखाच्या पायावर जो युक्तिवाद रचला जातो, तो पोकळ आहे आणि उद्या तो आमच्याच अंगावर कोसळणार आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

कालव्याच्या चारीवर अगदी शेवटी ज्याची जमीन असते, त्या टेलच्या शेतकऱ्याची दैना माजलगावच्या कालव्याखालच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तो पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज वेळेवर भरतो, थकबाकी भरून पावती खिशात ठेवतो, आवर्तन सुटल्याची बातमी आली की रात्री बॅटरी घेऊन चारीच्या काठाने वर चालत जातो. पहिल्या दिवशी चारीच्या तळाला नुसती ओल चढते, दुसऱ्या दिवशी घोटा बुडेल एवढी धार येते, आणि हरभऱ्याचा एखादा वाफा भिजतो न भिजतो तोच वरच्या अंगाला कोणी मोटार टाकतो, कोणी चारी फोडतो, कोणी पाटकऱ्याला चहा पाजून दार अर्धा दिवस अधिक उघडे ठेवून घेतो, आणि याच्या चारीत उरलेल्या डबक्याभोवतीचा गाळ संध्याकाळपर्यंत भेगाळू लागतो. त्याची तक्रार घेऊन तो दप्तरात गेला, तर तिथे कागदावर पाणी पूर्ण सुटलेले असते. आणि वरचा शेतकरी त्याला काय सांगतो? तुझ्यापर्यंत जाईपर्यंत अर्धे पाणी मुरून वाया जाते, त्यापेक्षा ते माझ्याच रानात वापरले गेलेले काय वाईट?

हेच चारीवरचे भांडण आम्ही मराठवाड्याने राज्याच्या पातळीवर लढलो. पैठणच्या नाथसागराची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, त्याच्या उजव्या कालव्याने माजलगावच्या जलाशयापर्यंत पाणी आणण्याची तजवीजही झाली; परंतु वर नाशिक आणि नगरकडे धरणांमागून धरणे बांधली गेली आणि नाथसागर वर्षानुवर्षे अर्धा-पाऊण रिकामा राहू लागला. तेव्हा आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, की नदी वरून खाली वाहते म्हणून वरच्याचा हक्क खालच्यापेक्षा मोठा होत नाही. खोरे एक आहे आणि तुटवडा आला तर तो सर्वांनी वाटून घ्यावा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातले कलम १२(६)(ग) हे आमचे हत्यार झाले, २०१४ साली प्राधिकरणाने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची सूत्रे ठरवून दिली, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे ते तत्त्व उचलून धरले. या लढ्याचा मला अभिमान आहे. पण त्या लढ्यात आम्ही ज्याला तत्त्व म्हटले, ते पैठणपर्यंतच लागू आणि त्याच्या खाली किंवा सह्याद्रीच्या पलीकडे रद्द, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? नदीच्या वाटणीत शेवटचा हिस्सेदार खाडी हाच असतो. तिच्याविरुद्ध जो युक्तिवाद आम्ही आज करीत आहोत, तो शब्दशः तोच आहे जो नाशिककर आमच्याविरुद्ध करीत होते.

यावर उत्तर मिळते, की टेलचा शेतकरी पाण्यातून पीक काढतो. खाडी काय काढते? हा प्रश्न ज्याने खाडी पाहिली नाही त्यानेच विचारावा. नदीचे गोडे पाणी हलके आणि समुद्राचे खारे पाणी जड. दोन्ही एकमेकांना भेटतात तिथे गोडे वरून समुद्राकडे सरकत असते आणि खारे भरतीच्या रेट्याने तळाखालून आत घुसत असते, आणि या दोहोंच्या रोजच्या, दिवसातून दोन वेळच्या झटापटीत अनेक मैलांचा एक असा पट्टा तयार होतो, की त्याच्या प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा खारेपणा वेगळा. नदीने डोंगरावरून आणलेला बारीक गाळ इतका वेळ पाण्यात तरंगत आलेला असतो; खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच त्याचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यातूनच खाडीकाठचे ते काळेशार, पोषक चिखलाचे पट्टे बनतात, त्यांच्यावर तिवर आणि चिप्पी मूळ धरतात, त्यांच्या पानांच्या कुजीवर सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्या जीवांवर कोळंबीची, बोयीची, चिंबोरीची पिल्ले पोसली जातात. ओहोटी लागली की कोकणातल्या कुठल्याही जित्या खाडीच्या काठी बाया पोटरीभर चिखलात उतरतात. कमरेला टोपली, हातात लोखंडाचा लहानसा आकडा, चिखलावरची बारीक भोके पाहून नेमके तिथेच बोट घालायचे आणि तिसरी उचलायची, खडकावरची कालवे फोडून आतला गर वाटीत जमवायचा. आणि भरतीचे पाणी परत वर चढायला लागायच्या आत बाहेर पडायचे. संध्याकाळी तो वाटा गावच्या बाजारात विकून घरात तेल-मीठ येते. या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिला सात नंबरचा अर्ज भरता येत नाही, तिच्या पिकाची आणेवारी कोणी लावत नाही. परंतु नदीच्या पाण्यावर तिचे पीक येते, हे माझ्या गावच्या कापसाइतकेच खरे आहे.

रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक वाटेल तो भाव मोजतात, तो मासा खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्ले पावसाळ्याच्या गोड्या पाण्याच्या वासाने आत, थेट खाचरांपर्यंत चढतात. पाण्याचा तो लोंढा आटला, तर खुणेचा माग पुसला जातो. खोल समुद्रातल्या जाळ्यात सापडणाऱ्या कोळंबीच्या कित्येक जातींचे बालपण खाडीत गेलेले असते. तेव्हा खाडी बुजली तर झळ खाडीकाठच्या भोयालाच लागते असे नव्हे, ती ससून डॉकवर उतरणाऱ्या ट्रॉलरलाही लागते. या साखळीतला कोणता दुवा निरुपयोगी म्हणून तोडायचा, हे आमच्या व्यासपीठावरच्या वक्त्यांनी एकदा सांगावे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा घेऊ. महाराष्ट्राच्या भूपृष्ठावरचे वार्षिक पाणी सुमारे १६४ अब्ज घनमीटर धरले जाते आणि त्यातले सुमारे ६९ अब्ज घनमीटर एकट्या पश्चिमवाहिनी नद्यांचे, म्हणजे जवळजवळ २,४०० टीएमसी आहे. मराठवाड्यासाठी उल्हास आणि वैतरणा खोऱ्यांतून मागितले जाते ते सुमारे ५४ टीएमसी. शेकड्याला दोन-सव्वादोन! एवढ्याने खाड्या मरतील म्हणणे हा कांगावा नव्हे काय? हे गणित चुकीचे नाही. ते फक्त चुकीच्या जागी मांडलेले आहे. पाणी सबंध कोकणच्या सरासरीतून उचलले जाणार नसून दोन विशिष्ट खोऱ्यांतून उचलले जाणार आहे. तेरेखोलच्या खाडीत पाणी मुबलक आहे म्हणून वसईच्या खाडीची तहान भागत नाही, जसे पैनगंगेला पूर आला म्हणून सिंदफणा वाहत नाही. आणि ही दोन खोरी कोणती? ज्यांच्यावर मुंबईने १८९२ च्या तानसा तलावापासून २०१४ च्या मध्य वैतरणा धरणापर्यंत एकामागून एक धरणे बांधली. ज्यांतल्या उल्हास नदीत अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळत आलेले आहे. म्हणजे कोकणातल्या सर्वांत निरोगी खाड्यांतून नव्हे, तर ज्यांना गोड्या पाण्याची निकड सर्वांत अधिक त्यांच्याच तोंडातून हा घास काढला जाणार. मुंबईलाही यात मी निर्दोष मानत नाही. वैतरणा आणि भातसा पिऊन उरलेला मैला माहीम आणि मालाडच्या खाड्यांत सोडणाऱ्या शहराने ठाणे खाडीला २०२२ साली रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला म्हणून समारंभ करावेत, यात समाधान मानण्यासारखे काही नाही. परंतु मुंबईचा अपराध हा आमच्या अपराधाचा परवाना होऊ शकत नाही.

इथेच वाशिष्ठीचा विषय काढला पाहिजे, कारण आमचे वक्ते तो नेहमी काढतात. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून पोफळीकडे सोडले जाते आणि ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते. वर्षाला सुमारे ६७ टीएमसी. हे पाणी मुळात कृष्णा खोऱ्यातले आहे, ते वाशिष्ठीच्या नैसर्गिक वाट्याचा भाग नाही, आणि त्यातले काही अन्यत्र वळवता येईल काय हा विचार माझ्या मते सर्वस्वी अयोग्य नाही. विचार मात्र खाडीचा अभ्यास हाती ठेवूनच झाला पाहिजे, कारण साठ वर्षांत ती खाडी या पाण्याला सरावली आहे. पण याच दाभोळच्या खाडीने दुसरा एक धडा दिला आहे, तो आमचे वक्ते सांगत नाहीत. एवढे अधिकचे पाणी येऊनही लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने तिथले मासे पुन्हा पुन्हा मेले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या २०११ च्या अहवालात नोंद आहे, की लोट्याच्या वसाहतीने सुमारे ११,००० लोकांना रोजगार दिला आणि प्रदूषणामुळे सुमारे २०,००० मच्छीमारांचा रोजगार गेल्याचे स्थानिकांचे म्हणणे आहे. खाडीच्या आरोग्याची चिंता ही सुखवस्तूंची चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांचा धंदा बुडाला ते भोई आणि खारवी सुखवस्तू होते काय? आमच्या गोदाकाठी आणि माजलगावच्या जलाशयात जाळे टाकणारे भोईच आहेत. त्यांच्या आणि दाभोळच्या भोयांच्या घरातल्या श्रीमंतीत मला तरी काही फरक दिसत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती सरकारदरबारी कोणी लक्षात घेतलेली दिसत नाही. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, पुढे २०११ मध्ये आणि त्यानंतर ती नव्याने आली. खाडीकाठाने कुठपर्यंत ही बंधने लागू करायची हे ठरवताना पाण्यातला खारेपणा हजारी पाच भाग, तोही वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात मोजलेला, ही हद्द मानली गेली. म्हणजे खाडी कुठे संपते हे कायदा मिठाने मोजतो. आता वरचे गोडे पाणी काढून घेतले की उन्हाळ्यात खारे पाणी अधिक आत चढणार, काठच्या विहिरी मचूळ होणार, आणि ज्या गावाने खाडी कधी आपली मानली नव्हती त्याच्याही शिवारात ही हद्द येऊन उभी राहणार. किनाऱ्यावर कोणी भराव टाकला, कांदळ तोडले, तर २००५ आणि २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे निदान फिर्याद तरी करता येते. शंभर मैल वरती एक धरण बांधून तेच कांदळ हळूहळू मिठाने खुरटवले, तर त्याची फिर्याद नोंदवायला कोणता अधिकारी बसलेला आहे? २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने नदीच्या प्रवाहाचा काही भाग परिसंस्थेसाठी राखून ठेवावा असे म्हटले खरे, परंतु त्या वाक्याची अंमलबजावणी करणारा रकाना एकाही प्रकल्पाच्या लाभ-व्ययाच्या तक्त्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

बीडने समुद्राशी आपला संबंध नाही असे म्हणावे, हे तर मला सर्वांत अधिक खटकते. या जिल्ह्याची उत्तर सरहद्द गोदावरीने आखलेली आहे. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनाला, मंजरथच्या सिंदफणा-संगमाला जे पाणी आपण तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो, तेच पुढे दवळेश्वरापाशी फाटे फुटून आंध्रच्या किनाऱ्याला मिळते. याच राक्षसभुवनाशी १७६३ साली पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी निजामाने तह करून गोदेच्या मुखाकडचा उत्तर सरकारांचा मुलूख इंग्रजांना तोडून दिला. म्हणजे आमचा घाट आणि नदीचे ते मुख हे कागदोपत्री तरी तोवर एकाच दरबाराच्या दप्तरात होते. त्या मुखाशी कोरिंगाचे विस्तीर्ण खारफुटी वन आहे, काकीनाड्याचा उपसागर आहे, आणि श्रावण-भाद्रपदाच्या गढूळ पुराची चाहूल लागताच समुद्रातून नदीत चढणारा पुलसा नावाचा मासा आहे. त्या किनाऱ्याची जमीन आज समुद्र खात आहे. गोदावरीने मुखाशी नेलेला तरंगता गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन होता, तो १९९० च्या दशकात पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला, असे तिथल्या त्रिभुजप्रदेशाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. बाकीचा गाळ कुठे गेला? तो धरणांच्या पोटात बसला. तो काढून शेतात टाकण्यासाठी सरकारला गाळमुक्त धरणाची योजना काढावी लागली आणि आमच्या शेतकऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. तो गाळ शेतात गेला याचे मला दुःख नाही, तो आमच्याच शिवारातून वाहून गेला होता. परंतु वाळूचे काय? गेवराई-माजलगावच्या पात्रात रात्री केन्या लावून उपसली जाणारी, टिप्परांच्या रांगांतून जाणारी वाळू ही कुणाच्या तहानेसाठी जाते? तिच्या खड्ड्यांनी काठच्या विहिरींचे पाणी तुटते हे त्या गावांतले लोक सांगत आले आहेत, आणि जी वाळू पावसाळ्यामागून पावसाळा खाली सरकत किनाऱ्याचा बांध होणार होती ती बंगल्यांच्या स्लॅबमध्ये गोठून राहते. बीडमध्ये बसून किनाऱ्याची हानी करता येते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

दूरच्या देशांनी हाच प्रयोग आधी करून पाहिला आहे. ईजिप्तने आस्वानच्या धरणाने नाईलचा पूर १९६४ पासून अडवला. त्याआधी, १९६२ साली, त्या किनाऱ्यावर सार्डिन माशाची पकड सुमारे १८,००० टन होती, आणि १९६८ पर्यंत ती हजार टनांच्याही खाली कोसळली. सिंधू नदीचे पाणी वरच्या कालव्यांत वळवले गेले आणि कोत्रीच्या बंधाऱ्याखाली नदी महिनोन् महिने कोरडी राहू लागली. ठट्टा आणि बदीन जिल्ह्यांत समुद्र शेतात शिरला, आणि १९९१ च्या करारात सिंध प्रांताला आपल्या मुखासाठी वर्षाला एक कोटी एकर-फूट पाण्याची मागणी नोंदवावी लागली. पंजाबातल्या वक्त्यांच्या तोंडी तिथेही समुद्रात वाया जाणारे पाणी हेच पालुपद आहे. ठट्ट्याच्या शेतकऱ्याला ते कसे ऐकू येत असेल, हे माजलगावच्या शेवटच्या चारीवरच्या माणसाने ओळखावे.

आणि उपाय नाही असेही नाही. ओडिशातले चिलका सरोवर १९८१ साली रामसर यादीत आले, पण गाळाने आणि तोंड बुजल्याने इतके रोडावले की १९९३ साली धोक्यात आलेल्या पाणथळांच्या नोंदवहीत त्याचे नाव चढले. खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी आटली. तिथल्या विकास प्राधिकरणाने सरोवराच्या काठावर कुंपण घालून हात झटकले नाहीत. २००० साली समुद्राकडे नवे मुख उघडले, वरच्या पाणलोटात गाळ धरण्याची कामे केली, महानदीवरच्या नराजच्या बंधाऱ्यातून सरोवराला केव्हा आणि किती गोडे पाणी मिळावे याचा अभ्यास करवला, आणि मच्छीमार गावांना या कारभारात बसवले. मासळी कित्येक पटींनी परतली आणि २००२ साली त्या नोंदवहीतून नाव उतरले. याच्या उलट केरळात भातशेतीसाठी खारे पाणी अडवायला १९७६ मध्ये तण्णीरमुक्कमचा बांध घातला गेला आणि वेंबनाडच्या वरच्या अंगाला कोळंबी-शिंपल्यांची वाट बंद होऊन पाणी तणाने भरले. म्हणजे खाडीला गोडे पाणी हवे तसे खारेही हवे, आणि दोन्ही आपापल्या ऋतूत हवे. हे राखणे म्हणजेच खाडीचे व्यवस्थापन, आणि त्याचा निम्मा कारभार समुद्रकाठी नव्हे, वरच्या धरणाच्या दाराशी चालतो.

राहता राहिला तहानेचा प्रश्न, आणि तो मी टाळू इच्छित नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बीड जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार होती. दर माणशी रोज शंभर लिटर, म्हणजे आज कित्येक गावांना मिळते त्याच्या दुपटी-तिपटीने, पाणी द्यायचे ठरवले, तरी सबंध जिल्ह्याला वर्षभरासाठी सुमारे ९४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेतीन टीएमसीहूनही कमी पाणी लागते. एकट्या माजलगाव धरणाचा उपयुक्त साठा ३१२ दशलक्ष घनमीटर आहे. लोकसंख्या वाढली आहे हे धरूनही सांगतो, की भरलेल्या माजलगावच्या निम्म्या साठ्यात जिल्ह्याचे पिणे भागेल. मग घागरी कोरड्या का राहतात? कारण पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला जेवढे पाणी लागते, त्यात पाचशे माणसांचे वर्षाचे पिणे होते, आणि ज्याच्या घरी ऊस आहे त्याच्या मोटारी धरणाच्या काठी आहेत, ज्याच्या हाती कोयता आहे त्याची वस्ती डोंगरावर आहे. दुष्काळी वर्षात तळाच्या साठ्यावर कुणाचा हात आधी पडतो हे सर्वांना ठाऊक असताना, त्या डोंगरावरच्या बाईची घागर पुढे करून वैतरणेचे पाणी मागायचे आणि आल्यावर ते पुन्हा उसाच्या सरीत सोडायचे, हा व्यवहार मला लज्जास्पद वाटतो. सह्याद्री चढवून आणलेल्या पाण्याच्या विजेचे बिल भरण्याची ऐपत त्या बाईची नसणार आणि त्या चारीच्या टेलवरही तीच असणार.

म्हणून पाणी आणूच नका, असे माझे म्हणणे नाही. खोऱ्याबाहेरून पिण्यासाठी पाणी आणण्याची वेळ खरोखरच आली, तर ते मागण्याचा हक्क मराठवाड्याला आहे. पण ज्याच्याकडून घ्यायचे त्याचा हिस्सा आधी लिहून ठेवूनच. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जो फैसला दिला, त्यात १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे, असे तारीखवार ठरवून दिले. खालच्या हिस्सेदाराला तारखा लावून पाणी देता येते, हे आमच्याच नदीवर सिद्ध झाले आहे. तेव्हा उल्हास-वैतरणेच्या उपसा योजनांचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी वसईच्या आणि वैतरणेच्या खाडीला पावसाळ्यात किती पूर, उन्हाळ्यात किती धार आणि किती गाळ मिळालाच पाहिजे, हे मोजून, मच्छीमारांची कैफियत ऐकून आणि कलम पाडून लिहिले जावे, आणि ते मोडल्यास पंप बंद करण्याचा अधिकार जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला असावा, असा ठराव पुढच्या पाणी परिषदेत बीडने मांडावा. वसई-अर्नाळ्याच्या कोळ्यांनी ही मागणी घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याची वाट आपण का पाहावी? समन्यायी वाटपाचा तो सगळा युक्तिवाद, त्यातल्या कलमांसकट आणि निवाड्यांसकट, आपल्या दप्तरात तयार पडून आहे. त्यातले प्रतिवादीचे नाव तेवढे या वेळी बदलावे लागेल आणि त्या जागी, नाशिकच्या ऐवजी, मराठवाडा लिहावा लागेल.